खातेदाराला बोलवा

२५ फेब्रु., मंगळ.
भेडाघाटहून आत्ताच परतले. डोकं तापलंय. गेंदाबाई दगडाच्या मूर्तींना पॉलिश करते, आमच्या मजुरी-खात्याच्या ॲपच्या अगदी पहिल्या कॅम्पातली. दिवाळीपासून मजुरी खात्यात जाऊ दिली, एकदाही काढली नाही. स्वतःचं पॉलिशचं मशीन घ्यायचंय, ठेकेदाराच्या मशीनचं भाडं भरून वैतागली आहे. आज पहिल्यांदा पैसे काढायला बसली. फोन म्हणाला, "अपने पति का नाम बोलिए." बाई गप्प. परत विचारलं. तिने पदर पुढे ओढला. पैसे आतच अडकले.
ऑफिसच्या नोंदीत हे असं पडतं : "वापरकर्तीला प्रश्न समजला नाही." समजला नाही म्हणे! चांगला समजला होता.

२६ फेब्रु.
मग मुळात खातं उघडलं कसं? सकाळी परत गेले आणि तिलाच विचारलं.
"हम उनको नाम नईं लेत, दीदी. भाईदूज पे ननद आई हती शहपुरा से, सुनीता. ओई ने बोल दओ." कॅम्पवाले म्हणाले, चलो, हो गया.
झालं. खातं गेंदाबाईचं, कुलपात बसलेला आवाज नणंदेचा. भावाचं नाव घ्यायला बहिणीला कसली आडकाठी? तिने आपली मदतच केली. सगळ्यांनी मदतच केली.
अंगठा चालत नाही. रेगमालाचा खरखरीत कागद घासून घासून तिच्या बोटांच्या रेषाच गेल्यात, म्हणून तर आवाजाचं कुलूप आणलं. न शिकलेल्या बायांसाठी खास! आणि प्रश्न कोणता, तर ती मेली तरी जो शब्द उच्चारणार नाही तो. बंगळुरूत बसून ज्याने हे ठरवलं त्याने निदान स्वतःच्या आजीला विचारायचं होतं.

२८ फेब्रु.
घरी आईवर प्रयोग. नवं खातं उघडायला फोन हातात दिला.
"काहून सांगू मी त्या फोनला यांचं नाव? लग्नात उखाणा घेतला तेवढा पुरे."
म्हटलं, मग उखाण्यातच घे. घेतला, दोन ओळींचा, लाजत. फोन म्हणाला, "कृपया केवल नाम बोलिए."
तेवढ्यात बाबा पेपर बाजूला ठेवून, "आण इकडे, काय लावून राहिली तू," आणि स्वतःचं नाव खणखणीत सांगून मोकळे. "बधाई हो! आज से आपकी आवाज़ ही आपकी चाबी है."
आता आईचं खातं बाबांच्या आवाजाने उघडतं. दोघं पोट धरून हसले. मीही हसले. मग भाजी चिरताना इतका राग आला की विळी बाजूला ठेवली.

३ मार्च, सोम.
विवेक सरांशी फोन. ॲपचे मुख्य तेच. सगळं सांगितलं, आईबाबांसकट. म्हणाले, "एज केस है." म्हणजे लाखात एखादीचं. म्हटलं, सर, कॅम्पातल्या निम्म्या बाया कोणाच्या ना कोणाच्या आवाजावर बसल्या असतील. मुलीचं नाव विचारा, गावाचं विचारा, नाहीतर त्यांना आवडेल तो शब्द ठेवू द्या. "देखते हैं, अगले वर्ज़न में."
आणि गेंदाबाई?
"उससे एक बार नाम बुलवा दीजिए, नई आवाज़ चढ़ जाएगी. एक बार से क्या होता है." वर आठवण, ८ तारखेचा महिला दिनाचा व्हिडिओ विसरू नका. घोषवाक्य ठरलंय : मेरी आवाज़, मेरा खाता.
दात ओठ खाऊन "जी सर" म्हटलं.

५ मार्च
गेंदाबाईच्या नवऱ्याला कळलंच, खातं बहिणीच्या आवाजावर आहे. मुन्नालाल. ओरडला नाही, उलट खुश. "अरे, तो सुनीता बोल देगी. होली पे आ ही रही है." त्याचा एका जुन्या मोटरसायकलवर डोळा आहे, सगळ्या गावाला माहीत. गेंदाबाईने फोन पिठाच्या डब्यात लपवलाय.
म्हणजे होळीच्या आत तिचा आवाज चढायला हवा. तिला सांगितलं काय करावं लागेल. बराच वेळ मूर्तीचं नाक घासत राहिली. मग, "सनीचर खों आइयो."

८ मार्च, शनि.
कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. तिने बाकीच्या बायांना बाहेर काढलं, भिंतीकडे तोंड केलं आणि नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा. हळू, पण स्पष्ट. मान लाल झाली होती.
फोन : "आवाज़ मेल नहीं खाती. कृपया खाताधारक को बुलाइए."
ती वळली. "हमई तो हैं."
परत केलं. परत तेच. खातेदाराला बोलवा.
नवा आवाज चढवायला आधी जुना आवाज लागतो. हे सरांनाच माहीत नव्हतं! ज्यांचं ॲप त्यांना! बाईला जन्मभराची रीत मोडायला लावली आणि हाती काय, तर घंटा. सरांना फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. नोकरी राहील न राहील. व्हिडिओ माझ्या बापजन्मी होणार नाही.

१२ मार्च, बुध.
परवा धुळवड. कंपनीकडून उत्तर : तक्रार नोंदवली आहे.
दुपारी गेंदाबाई विचारत विचारत शहरात, दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी आली. प्लास्टिकच्या पन्नीत फोन, फोनला अजून पीठ. "ए खों तुम धर लो, दीदी. उते हमाए लिंगा नईं बचहे." तिच्याजवळ, घरी, तो वाचणार नाही. आईने चहा दिला, तोही अर्धा तसाच राहिला. जाताना पायरीवर थांबली.
"नाम तो ले लओ. अब का लें?"
आईनेच फोन घेतला, पुसला, आपल्या लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवून किल्ली कमरेला खोचली.
संध्याकाळपासून मुन्नालालचे दोन कॉल माझ्या नंबरवर. उचलले नाहीत. सुनीता उद्या येते.
आत्ता लिहिता लिहिता कपाटातून आवाज आला : "बधाई हो! आपके खाते में मज़दूरी जमा हुई."
आई स्वयंपाकघरातून, "कोणाच्या खात्यात म्हणून राहिला गं तो?"