तू माझ्या तोंडी घातलेले शब्द

ता. १९ मार्च, दुपार

चि. गुंड्यास,

ताईचे आशीर्वाद. लिहायची सवय आहे म्हणून लिहिले, मनात आत्ता तसलं काही नाही.

मी सुखरूप पोहोचले. विमानात शेजारच्या बाईने पट्टा बांधून दिला. उतरल्यावर तुझे भावजी घ्यायला आले होते. "एवढ्या लवकर कशी परत आलीस?" म्हणाले. मी गुडघ्याचं सांगितलं. तुझ्यासाठी उशाशी चिठ्ठी ठेवून आले, तिच्यातही गुडघ्याचंच लिहिलं होतं. गुडघा ठणठणीत आहे.

तुझे फोन येताहेत, मी उचलत नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "ताई, आधी शांत हो," म्हणतोस, मग हवापाणी, तब्येत, भावजी कसे आहेत, असं करत करत मला गुंडाळून ठेवतोस. शिवाय माझं बोलणं तू पुढे कसं पोचवतोस, ते आता मला कळलंय. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं तरी तुला फिरवता येणार नाही.

आधी चांगलं लिहिते, नाहीतर म्हणशील ताईला कशाचं कौतुकच नाही. तू जिथे मॅनेजर आहेस ते पाहुण्यांचं ठिकाण सुरेख आहे. माझी खोली, खिडकीतून दिसणारं पाणी, सगळंच. इतकी वर्षं रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरी धुतल्या, घड्या घातल्या, पण माझ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी चादर ताणून घातल्याचं मला आठवत नाही. पहिल्या दिवशी मी त्या पलंगावर बसलेच नाही, खुर्चीत बसून राहिले. तू हसलास. मीही हसले. तेव्हा तू पाण्याकडे बोट दाखवून म्हणालास, "ताई, त्या काठावर नव्या खोल्या होणार आहेत. मालक मला भागीदार करून घेतोय." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या काठावर आज कोण राहतं, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

उघड्या जीपमधून जंगलात नेलंस, तेही छान. हत्तींचा कळप वाट ओलांडून गेला, पिल्लू मधे, चारी बाजूंनी बाया. झाडावर बिबट्या झोपला होता, एक पाय खाली लोंबकळत, घरातला लाडावलेला मुलगा झोपतो तसा. मी तुला हळूच म्हटलं, "बाबा असते तर आपल्याआधी त्यांना दिसला असता." तू ते लगेच पाहुण्यांना सांगून टाकलंस. म्हणालास, ही माझी बहीण, जंगलात जन्मली, जंगलात वाढली. झालं. सगळ्यांनी बिबट्याला सोडून माझे फोटो काढले. मी नंदीबैलासारखी मान हलवत बसले. तेव्हाच मला जरा खटकलं होतं, पण म्हटलं, भावाला अभिमान वाटतोय, वाटू दे.

मग तू चहा पिताना म्हणालास, "ताई, इथल्या गावातल्या लोकांना तुला भेटायचंय. त्यांचंही गाव जंगलातून हलणार आहे. आमच्यावर त्यांचा विश्वास नाही, आधी हललेल्या माणसाकडून ऐकायचं म्हणतात."

"मी काय सांगू?"

"जे झालं ते सांग. मनापासून सांग. मी त्यांच्या भाषेत सांगत जाईन."

जे झालं ते. हे तुझे शब्द आहेत, गुंड्या. मी ते खरे धरले. भाऊ असावा तर असा, असंही मनात आलं. एवढ्या मोठ्या हुद्द्यावर जाऊन त्या गरिबांना खरं सांगायला आपल्या बहिणीला बोलावतो, म्हणून मला भरून आलं होतं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पत्र्याच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं होतं. माझ्यासमोर एक म्हातारी बसली होती, फाटक्या कानाची. तू माझ्याशेजारी उभा होतास, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी सांगायला लागले. साहेब लोक गोड बोलत घरोघरी कसे आले, जमीन देऊ, विहीर देऊ, शाळा देऊ म्हणाले. बाबांनी दाराची चौकट उखडून पाठीवर घेतली आणि आपण निघालो. जमीन मिळाली ती दगडगोट्यांची. विहिरीचं पाणी खारट. मग बाबा एकदा सरपणासाठी परत आपल्या गावाकडे गेले, आपल्याच पडक्या घरामागची वाळकी लाकडं उचलली, आणि चोर म्हणून धरले गेले. जंगलाच्या पहारेकऱ्यांनी त्यांना दिवसभर नाक्याबाहेर बसवून ठेवलं, मोळी डोक्यावर तशीच. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. त्यानंतर बाबा घराबाहेर पडले नाहीत. आधी बोलणं सुटलं, मग जेवण, आणि मग ते गेले.

हे मी चारचौघांत कधीच बोलले नव्हते. भावजींनाही अर्धंच माहीत आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबायची, तू ते त्यांच्या भाषेत सांगायचास, आणि तुझा हात माझ्या खांद्यावर जरा घट्ट व्हायचा. शेवटी मी म्हटलं, नव्या जागेचं पाणी स्वतः पिऊन बघितल्याशिवाय उठू नका. जंगलात जायची मोकळीक राहील असं लिहून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या बापाचं मरण सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चक्रावून गेले. मग म्हटलं, परका मुलूख आहे, यांच्याकडे गेलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवायची रीत असेल. खरंच सांगते, मी असा विचार केला. वेडी कुठली. परत येताना जीपमध्ये तुला म्हटलंसुद्धा, "किती मायाळू माणसं आहेत रे." तू बाहेर बघत म्हणालास, "हो ताई, साधी आहेत."

तेव्हा तुझी जीभ कशी झडली नाही?

पुढे पाहुण्यांना त्या पाण्याकाठचं गाव दाखवायचं होतं, त्यांच्याबरोबर मीही गेले. पाहुणे कोंबड्यांचे आणि पोरांचे फोटो काढत होते. त्या फाटक्या कानाच्या म्हातारीने मला ओळखलं आणि हाताला धरून तिच्या घरी नेलं. घर रिकामं. चटया गुंडाळलेल्या, भांडी टोपलीत भरलेली. आणि दाराची चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. तिने माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या, मग रस्त्याकडे दाखवलं आणि हसली. तू गेलीस तशी मीही निघाले, असं तिचं म्हणणं. मी जे सांगितलं होतं ते ऐकून कुणी दाराची चौकट काढत नाही, गुंड्या. ते ऐकून माणूस दार लावून आत बसतो.

तुझा आचारी आपल्याकडचा आहे, इतकी वर्षं तिथे राहून त्यांची भाषा बोलतो. त्या दिवशी शेडमध्ये तो चहाची किटली घेऊन मागे उभा होता. परत आल्यावर मी थेट स्वयंपाकघरात गेले. तो बटाटे सोलत होता. मी विचारलं, "माझ्या भावाने त्या दिवशी काय सांगितलं?" त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "ताई, मला इथे राहायचंय." मी स्टूल ओढून बसले आणि त्याच्याबरोबर बटाटे सोलायला लागले. अर्धी पाटी सोलून झाली. मग तो खालच्या मानेनेच बोलला.

तू सांगितलंस, ही बाई म्हणते, जंगल सोडलं आणि आमचं सोनं झालं. तू सांगितलंस, विहिरीला बारमाही गोड पाणी आहे. आणि तू सांगितलंस, हिचे वडील नव्या घरात, लेकरांच्या मांडीवर डोकं ठेवून, समाधानाने गेले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर कळलं. विहिरीचं खोटं बोललास, एक वेळ समजले असते. धंदा करणारी माणसं बोलतात. पण बाबांचं मरण? ते काय तुझ्या एकट्याचं होतं, हवं तसं रंगवून विकायला? आणि माझ्या तोंडून? मी रडत होते ते खरं होतं ना रे. ती माणसं माझ्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघून तुझ्या शब्दांवर विश्वास ठेवत होती. याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि त्यातले केस तू माझे वापरलेस.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, ताई, आपण हललो म्हणून मला शाळा मिळाली, शाळा मिळाली म्हणून मी आज इथे आहे, त्यांच्याही पोरांचं भलं होईल. शाळा मिळाली, खरं आहे. मी कुठे नाही म्हणते? मग तेच सांगायचं होतंस, स्वतःच्या नावावर. मला शाळा मिळाली आणि माझा बाप गेला, असं दोन्ही सांगायचं होतंस आणि त्यांना ठरवू द्यायचं होतंस. तेवढी हिंमत नव्हती म्हणून बहिणीला तिकीट पाठवलंस. आणि मी खुळी, नवी चप्पल घेऊन आले, भावाने जग दाखवायला बोलावलंय म्हणून गल्लीभर सांगून आले.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पाहुण्यांना घेऊन जंगलात गेलास, तेव्हा मी आचाऱ्याला घेऊन गावात गेले. तो यायला तयार नव्हता. मी एकटीच चालत निघाले, तेव्हा मागून आला. शेडमध्ये लोक जमले आणि मी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. या खेपेला टाळ्या वाजल्या नाहीत. फाटक्या कानाची म्हातारी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचं काहीतरी चोरलंय. बरोबरच होतं तिचं.

त्यांच्यातला एक म्हातारा आहे, ज्याच्या शब्दाबाहेर गाव नाही. त्याने विचारलं, "मग त्या दिवशी बोलला तो तुझा कोण?"

आचाऱ्याने मला विचारलं, "मॅनेजर आहे, एवढंच सांगू का?"

मी म्हटलं, "पाठचा भाऊ आहे, असं सांग."

शेडमध्ये कुजबुज झाली. म्हातारा म्हणाला, "म्हणजे तो मेलेला माणूस त्याचाही बाप."

"हो."

मग तो सावकाश बोलला आणि आचारी एकेक वाक्य मला सांगत गेला. "तू आज आहेस, उद्या विमानात बसशील. त्याला इथेच राहायचंय. दोघांपैकी कुणाचं खरं, हे आम्हाला कसं कळणार? तुझ्या भावाने इथे यावं आणि त्याचा बाप कसा मेला ते आमच्या तोंडाकडे बघून सांगावं. महिनाअखेरीला अंगठे द्यायचे की नाही, ते आम्ही त्यानंतर ठरवू."

मी खोलीवर आले, चिठ्ठी लिहिली आणि निघाले. तुझ्यासमोर उभी राहिले असते तर तू पुन्हा गोड बोलला असतास, आणि मी पुन्हा विरघळले असते. माझं मला माहीत आहे.

तर आता महिनाअखेरीच्या आत तू शेडमध्ये जायचंस. भागीदारी जाईल, जाऊ दे. नोकरी गेली तर इथे ये, दोन खोल्यांत तिसरा माणूस मावतो. आचाऱ्याला मात्र हात लावायचा नाही. त्याचं काम गेलं असं मला कळलं, तर हेच सगळं मी तुझ्या मालकालाही लिहीन, आणि ते कुणाकडून त्याच्या भाषेत करून घ्यायचं तेही मी शोधून काढीन.

आणि तू लहान होतास, तुला आठवत नाही, असं मला सांगू नकोस. हे मी शेडमध्ये बोलले नाही, दोन्ही वेळा गिळलं, कारण ते तुझं आहे. बाबांना नाक्यावरून आणायला माझ्याबरोबर तूच आला होतास. मला धीर झाला नाही, मी लांब उभी राहिले. तू पुढे गेलास, टाचा उंच करून त्यांच्या डोक्यावरची मोळी उतरवलीस, आणि त्या पहारेकऱ्यांच्या देखत ती आपल्या डोक्यावर घेऊन घरापर्यंत आलास. मी मागत होते तरी दिली नाहीस. एवढासा होतास. त्या दिवसापासून मी तुला जीव लावला, गुंड्या, आणि म्हणूनच इतकी चिडले आहे.

तुझ्या फोनची वाट बघत नाही. आचाऱ्याच्या फोनची बघते आहे. तू तिथे उभा राहून काय बोललास, ते तो मला शब्दन् शब्द सांगणार आहे.

बाबांची मुलगी