चाकं वाजवून बघणं

दि. ४ फेब्रुवारी
गोदामाच्या फाटकाबाहेरून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन असताना बाबाला पत्राची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. फोनवर नीट बोलणं होत नाही गं. एक तर गाडीची घरघर, वर तुम्हा दोघींची एकदम बोलायची सवय. पत्र कसं, गपगुमान वाचता येतं.

फरशीच्या पेट्या घेऊन आलोय. पुढे ट्रक, मागे ट्रक. गोदामवाले आज म्हणतात उद्या, आणि उद्या विचारलं की परवा. माझा जोडीदार लंबू केबिनमधल्या मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन घोरतोय, फळी त्याला आखूड पडते. तो झोपला की मी चालवतो, मी झोपलो की तो. एका गाडीत राहून आमची गाठ पडते ती चहापुरती. माझी कंबर धरली आहे, डोळे चुरचुरतात. हल्ली झोपून उठलं तरी दमलेलाच असतो.

उत्तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसवर टाक, येणारी-जाणारी गाडी आणून देते. आईला सांग, स्वेटर घालतो. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
बाबा

दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर बघून वाटलं, चालत्या गाडीत लिहिलंय की काय! माझं बरं चाललंय. दुकानात दिवसभर पडद्यांची कापडं उलगडायची आणि गिऱ्हाईक गेलं की परत घडी घालायची. काल एका बाईंनी सगळं दुकान खाली काढायला लावलं आणि शेवटी नवऱ्याला विचारून येते म्हणाल्या.

आता जे लिहिते त्यावर रागावू नका, किंवा रागवा. आई तुमच्याशी अबोला धरून आहे. मागच्या फोनवर मी सांगितलं की आई जिन्यावरून पडली, पायाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलंय. त्यावर तुम्ही वा, छान झालं म्हणालात आणि फोन ठेवलात. आई शेजारीच होती, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. तेव्हापासून तुमचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते. मला वाटलं पत्रात तरी विचाराल. तर पत्रात तुमची कंबर आणि लंबूकाकांचे गुडघे! बाबा, इतके कसे परके झालात? मला फार वाईट वाटलं.

रागात लिहिलंय, पण माया कमी झालेली नाही. ती असू द्या.

तुमची
भिंगरी

दि. १९ फेब्रुवारी
ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पायरीवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. आईचा पाय मोडलाय हे मला या पत्रातून कळलं. फोनवर मला तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. सूर चढा वाटला तर छान म्हणतो, उतरता वाटला तर बरं बरं. त्या दिवशी तू घाबरून भरभर बोलत असशील, मला वाटलं कसली तरी आनंदाची बातमी आहे. खिडकीकडचा कान गेलाच आहे, दुसराही अर्ध्यावर आलाय. म्हणून ही पत्रं.

आणखी एक सांगतो. निघण्याआधी आम्ही लाकडी दांडक्याने एकेक चाक वाजवून बघतो. हवा भरलेली असली की टणक आवाज, गेलेली असली की बद्द. मागे दोन-दोन चाकं जोडीने असतात. त्यातलं आतलं बसलं तर डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतं. परवा मी वाजवलं, मला सगळी सारखीच वाटली. पुढे घाटात आतलं चाक तापून धुमसायला लागलं. मागच्या मोटारीतली बाई हॉर्न देऊन देऊन थकली, मला पत्ता नाही. शेवटी तिने गाडी आडवी घालून मला थांबवलं. तिच्या मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. ती मला खूप बोलली. काय बोलली ते कळलं नाही, पण चेहरा दिसत होता.

लंबू झोपेतून उठून आला तो माझ्यापेक्षा जास्त हादरला. माझं चुकलं, माझं चुकलं, एवढंच त्याच्या ओठांवरून कळत होतं. त्याचं काय चुकलं? तो तर झोपला होता.

मालकाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर गाडी हातची सुटेल, आणि या वयात मला दुसरं काय येतंय? आईला यातलं कळू देऊ नकोस. तिच्या पायाला जप. बाबाला पदरात घे.

तुझा
बाबा

दि. २६ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. सगळं सांगितलं, घाटासकट. आधी ती रडली, मग हसत सुटली, मग पुन्हा रडली. म्हणाली, म्हणजे हे मला छान म्हणाले नव्हते तर! तुम्ही बहिरे झालात याचा कोणाला इतका आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनाही विचारून आले. कानाचं मशीन घरात बोलण्यापुरतं उपयोगी पडेल, पण इंजिनाच्या धडधडीत त्याचा भरवसा नाही म्हणाले. बाबा, त्या दोन मुलांची आठवण मला झोप लागू देत नाही. मी लहानपणी तशीच मागच्या सीटवर लोळायचे. काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मी काही म्हणणार नाही. आता खालच्या ओळी आईच्या. लोभ दोघींचाही आहेच.

तुमची
भिंगरी

अहो, या घरी. माझा एक पाय, तुमचा अर्धा कान, पोरगी धडधाकट आहे. निभेल. मी रागावले होते ते विसरा.

दि. ५ मार्च
ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून

चि. भिंगरीस आणि तिच्या आईस,
आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याचं त्याने घ्यावं.

तुमचं पत्र आलं तेव्हा गाडी भरून उभी होती. मनाशी म्हटलं, एवढी एक खेप करू, मग बघू. दांडका घेतला आणि चाकं वाजवत निघालो. मागच्या चाकांपाशी का कोण जाणे, वळून बघितलं. लंबू माझ्या मागून येत होता. त्याच्या हातात दुसरा दांडका. मी वाजवलेलं प्रत्येक चाक तो पुन्हा वाजवून, वाकून ऐकत होता.

मला बघून पोरासारखा दांडका पाठीमागे लपवला त्याने. मी तोंडाकडे बघत विचारलं, कधीपासून? त्याने एक बोट वर केलं, म्हणजे एक वर्ष. भिंगरे, गेलं वर्षभर मी ज्या चाकांवर निर्धास्त पळालो, ती त्याने ऐकलेली होती. घाटाच्या दिवशी तेवढी त्याला झोप लागली. तो स्वतःला दोष का देत होता ते आता कळलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

मालकाला सांगितलं. तो भला माणूस आहे. माझ्या अर्ध्या कानाशी येऊन म्हणाला, फाटकावर ठेवला असता तुला, पण हॉर्न ऐकून फाटक उघडायचं काम आहे. दोघंही हसलो. नंतर बाहेर येऊन मी एकटाच थोडा रडलो.

रविवारच्या बसने येतोय, प्रवासी म्हणून. वाटेत झोपेन म्हणतो. आईला म्हणावं, दारात खुर्ची टाकून बस, पण नेहमीसारखी हाक मारू नकोस. नुसता हात कर, मी बघत असेन. बाकी माया तर आता समोरच घेईन.

तुझा
बाबा