आत्या आल्याशिवाय

मु. खडकवाडी, ता. सेलू
दि. १२ मे २०२६

नीलमताईंना रेणुकाचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुम्ही पुण्यात बऱ्या असाल, खात-पीत असाल, असं धरून चालते.

पत्र बघून तुम्हाला हसू येईल. पण फोन तुम्ही उचलत नाही, आणि मोबाईलवर लिहिलं तर त्या दोन खुणा काही निळ्या होत नाहीत. पोस्टमन दारात उभा राहून हाक मारतो, त्याला काही तुम्ही बंद करू शकत नाही. म्हणून निकिताच्या वहीतली पानं फाडली. ती ओरडली. मी म्हटलं, ज्या आत्यानं तुझं नाव ठेवलं तिलाच लिहायलेय, दोन पानांनी काय तू भिकेला लागत नाहीस.

यंदा ऊन असं आहे की कोंबड्या रांजणाखालून हलत नाहीत. तूर बरी झाली. शेजारच्या मालनबाईंनी घरातच पिठाची गिरणी टाकलीय, दिवसभर घरघर चालू. बोलायचं म्हटलं तर ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळं गावाला आमच्या घरातलं सगळं कळतं.

तुमचा भाचा गेल्या महिन्यात सहा वर्षांचा झाला. पुढचे दोन दात पडलेत. तोंडावळा थेट आईंचा, तुमच्या आईंचा. हनुवटी तशीच, आणि हट्टही तसाच. तुम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही.

परवा त्याला पहिलीत घालायला शाळेत नेलं. गुरुजींनी प्रेमानं विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" तर हा छाती पुढं काढून म्हणतो, "लॉकडाऊन!" सगळे हसले. मीही हसले, काय करणार? गाव त्याला तेच म्हणतं, तो ओ देतो. अंगणवाडीत धम्मशीलाताईंनी 'बाळ' म्हणूनच वर्षं काढली. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच आहे. गुरुजी म्हणाले, शाळा उघडायच्या आत नाव सांगा, नाहीतर गाव म्हणतं तेच घालतो. ते चेष्टा करत होते की खरंच घालतील, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. तेव्हापासून धाकधूक आहे. जन्मभर पोरानं त्या दिवसांचं नाव मिरवायचं का?

तुम्ही म्हणाल, मग ठेवा एखादं चांगलं नाव, कुणी अडवलंय? तुमच्या भावानं अडवलंय. मी दहा नावं सुचवली. ह्यांचं एकच, "तिच्या तोंडातून येईल तेच. आत्या आल्याशिवाय बारसं न्हाई." सहा वर्षं एकच पालुपद. मला वाटायचं बहिणीची माया. आता वाटतं, माया होतीच, पण आणखी काहीतरी होतं.

ते सांगायलाच बसले आणि कोंबड्यांचं लिहीत बसले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुमच्या घरात येऊन लागली असेल.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. मी ओली बाळंतीण, आतल्या खोलीत. बाहेरचं मला जे कोणी सांगेल तेवढंच. गावानं वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, बैलगाडी आडवी लावली आणि लिंबाखाली रखवाली बसवली. हे रखवालीचे म्होरके. तुमची कंपनी बंद झाली. तुम्ही ट्रकमधून देवगाव फाट्यापर्यंत आलात, तिथून उन्हात पायी, भाच्याच्या बारशाला म्हणून. आणि वेशीवर सख्ख्या भावानं अडवलं. "चौदा दिवस शाळंत ऱ्हा, मंग घरात," म्हणाले. तुम्ही तशाच शाळेकडं वळलात, असं मला आईंनी सांगितलं. त्या रडत होत्या.

नियम बरोबर होता का? मला तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. ओढ्यापलीकडच्या गावानं रस्ता मोकळा ठेवला होता, तिथं घरोघर खाटा लागल्या. आपल्याकडं आजारी मोजके पडले. म्हणजे काट्यांनी काम केलंच की. पण नियमाप्रमाणं वागलात त्या तुम्ही, आणि बोल लागला तोही तुम्हालाच. हे कसलं गणित, ते मला सुटत नाही.

आई रोज भाकरी घेऊन शाळेत यायच्या. डबा पायरीवर ठेवून लांब व्हायचं असं ठरलं होतं. पण आई कधी लांब होणाऱ्या होत्या का? खिडकीच्या गजातून त्यांनी तुमच्या केसांना तेल लावलं, हे मला तुम्हीच शेवटच्या फोनवर सांगितलंत. "वहिनी, मी डोकं पुढं केलं, मला न्हाई म्हणता आलं न्हाई," म्हणालात आणि फोन ठेवलात. तुमचे चौदा दिवस संपायच्या आधीच आईंना परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्या परत आल्या नाहीत. त्यांना माती द्यायला गावातलं कुणी जाऊ शकलं नाही. तुम्ही शाळेतून निघालात त्या तशाच पुण्याला गेलात, घराचा उंबरा न चढता. वेशीवर लोक बोलले, "पुण्याचा आजार आणून मायला खाल्लं." हे तिथंच उभे होते. तोंडातून शब्द काढला नाही.

मला त्यांचा तेव्हा राग आला होता. पण मला वाटलं, आई गेल्याचं दुःख आहे, बोलवत नसेल.

आता ऐका. परवा पोराला घेऊन शाळेतून आलो त्या दुपारी हे जेवले नाहीत. गोठ्यात जाऊन बसले. मी ताट घेऊन गेले, म्हटलं, पोराचं हसं झालं म्हणून बापानं उपास धरायचा का? तर खाली बघत म्हणाले,

"ताप मला आदी आला व्हता, रेणुका."

"कवाचा ताप?"

"नीलम गावात यायच्या दोन-तीन दिस आदी. मी रानात, आखाड्यावरच्या खोपीत पडून व्हतो. तुला माय सांगायची, रखवालीला हाय म्हनून. मायच येऊन कपाळावर पट्ट्या ठिवायची."

ताट खाली ठेवलं. मी विचारलं, "मग सांगितलं काहून न्हाई?"

"मला वाटलं ऊन लागलं. अन् रखवालीवाल्यालाच शाळंत कोंडलं आसतं तर वेस कोनी धरली आसती? समदे पांगले आसते. माय म्हनली, कुनाला बोलू नगं, पन्हं पी, उतरंल. उतरला बी."

म्हणजे बघा, ताई. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला अडवायला उभा होता तो माणूस तापातून उठलेला होता. आणि आईंना हे ठाऊक होतं.

मग त्यांनी एकेक सांगितलं. लिंबाखाली आठ-दहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून पत्ते खेळायची. तंबाखूची डबी एक, पाण्याचा तांब्या एक. शहराकडून येणारा प्रत्येक टेम्पो तिथंच थांबायचा, ड्रायव्हरशी तोंडाला तोंड लावून हुज्जत, आणि हुज्जत मिटली की त्याच्याशीच चहा. एक खोकणारा ड्रायव्हर तर ह्यांच्याच डबीतली तंबाखू मळून गेला. गावाला कुठून काही येऊ नये म्हणून जी जागा केली, तिथंच सगळं येऊन टेकत होतं, आणि ही माणसं रात्री घरोघर जेवायला जात होती. शाळेत मात्र तुम्ही एकट्या, रात्री दाराला बाहेरून कडी.

मग आईंना कुणाचा लागला? ह्यांचा? तुमचा? मालनबाई म्हणतात, रेशनच्या रांगेत लागला असेल, त्या पण उभ्या होत्या. आईंना दवाखान्यात नेल्यावर सेलूला आपल्या सगळ्यांची नाकातली तपासणी झाली, तुमच्यातही काही निघालं नाही, ह्यांच्यातही नाही. लोक म्हणाले, पोरगी शाळेतच बरी झाली असेल. तसं तर हेही आखाड्यावर बरे झाले असतील. आणि उन्हाचा ताप म्हणजे तोच ताप कशावरून? मे महिन्यात इथं कुणाला ऊन लागत नाही? मी रोज पोळ्या लाटताना हे धरते, ते सोडते. एका बाजूनं गेलं तर हे गुन्हेगार होतात, दुसऱ्या बाजूनं तुम्ही, तिसऱ्या बाजूनं आईच, कारण दोन्हीकडं त्याच गेल्या. काट्या टाकल्या नसत्या तर आणखी किती गेले असते, तेही कुणाला सांगता येत नाही. डोकं भणभणतं.

पण एक मला पक्कं कळलं. सहा वर्षं तुम्ही स्वतःला दोष देत पुण्याच्या खोलीत बसलात, आणि ह्यांच्याकडं एक वाक्य होतं, ज्यानं तुमचा निम्मा भार उतरला असता. ते त्यांनी दाबून ठेवलं. मी त्यांना गोठ्यातच म्हटलं, "तुमी बहिणीला वेशीवर अडवलं त्याचं मला काही न्हाई. अजून अडवून ठिवलंय, त्याचं हाय." ते रडले. मी त्यांना रडताना आई गेल्यावरही पाहिलं नव्हतं. मला दया यावी की संताप, कळेना. मी ताट तिथंच ठेवून आले. नंतर जेवले.

हे पत्र त्यांना वाचून दाखवलंय. म्हणाले, "समदं लिव. काही गाळू नगं." म्हणून गाळलं नाही. तंबाखूची डबीसुद्धा नाही. गावात चार माणसांसमोर हेच बोलायला तयार आहेत, पण तुम्ही समोर असाल तेव्हा. तुमच्या माघारी बोलून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं, आणि ह्या वेळी मला ते पटलं.

तुम्ही रागानं या. भांडायला या. भावाला चार शब्द सुनवा, मी मधे पडणार नाही, उलट मागून दोन माझेही घालीन. आईंना आधी कुणी हात लावला, याचं उत्तर मिळणार नाही, ते घेऊन येऊ नका आणि मागूही नका. आमच्याकडं ते नाही.

मात्र शाळा उघडायच्या आत या. बुद्धवंदना घेऊ, पेढे-बिस्किटांचा काही थाट नको, गूळ-शेंगदाणे वाटू. पोराला मांडीवर घ्या, आता जड झालाय, आणि त्याच्या कानात जे सांगायचं ते सांगा. मी विचारणार नाही काय ठरवलंत. जे सांगाल त्याला आम्ही हाक मारू.

घरात आता काट्या नाहीत, कडी नाही.

तुमची वाट पाहणारी,
वहिनी रेणुका
तुमचा भाऊ सूर्यभान
निकिता
आणि

(इथली जागा मी सोडलीय, ताई. येऊन तुम्हीच भरा.)