आरशात चंद्रोदय नाही

मंगळवार, अंगारकी

तो कॉम्प्युटरवाला आरसा, काचेतच दिवसाची कामं दाखवणारा, लागला एकदाचा बेसिनवर. महिनाभर बाप-लेकीचा वाद: तो चालवायला छोटा कॉम्प्युटर-बोर्ड आणायचा की जुना लॅपटॉप उघडायचा, विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं. मीच म्हटलं, कपाटातला लॅपटॉप वापरा, नवं कशाला? "आई, तुला काय कळतं त्यातलं?" शेवटी तोच वापरला. अक्कल मात्र ह्यांची ठरली.

मी एकच मागितलं होतं, चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ दिसू दे. फार मागितलं का? आज उपाशीपोटी बघते तर ह्यांची सिन्नरची मीटिंग, लेकीचा क्लास. चंद्रोदय नाही. "भिंतीवर कॅलेंडर आहे की तुझं," हे म्हणाले.

त्या काळ्या काचेत कुंकूही धड दिसेना. स्टीलच्या ताटात बघून लावलं. बाप्पासमोर रागाने बसू नये म्हणतात. आज बसले.