थोरल्या मायचा तांब्या

४ एप्रिल १९८३. लातूर.
जळकोटकडच्या आमच्या गावात पाणी संपलं. थोरल्या भावानं, आण्णांनी, आमच्या आजीला, थोरल्या मायला, माझ्या खोलीवर आणून सोडलं. नवा जिल्हा, नवं ऑफिस, मी नवी क्लार्क. पाणी तेवढं तेच, दिवसाला तीन घागरी. आल्या आल्या तिच्यापुढं तांब्या धरला तर भडकलीच. "मी पाव्हणी हाय व्हय गं शालू? घरच्याला कोण पाणी देतं? आपल्या हातानं घ्यायचं." दिसत नाही फारसं, पण जिन्यावरच्या पावलावरून मला ओळखते.

९ एप्रिल
संध्याकाळी आले तर उंबऱ्यात बांगडीवाली, पोस्टमन, आणि एक कोण कुठला म्हातारा. सगळे पिऊन गार. म्हटलं, "माय, हे गाव न्हाई." म्हणाली, "लातुरात तहान येगळी असती का?" हसू आलं. घागरीत पाहिलं, मग नाही आलं.

१५ एप्रिल
सकाळीच तिन्ही घागरी रिकाम्या. अंघोळ नाही, उशीर, साहेब चारचौघांत बोलले. तो राग घरी आणला. "पाणी काय तुझ्या बापाचं हाय? कुणालाच विचारायचं न्हाई. माझ्या घरात तर न्हाईच!"
माझ्या घरात म्हणाले मी. जिनं मला वाढवलं तिला.
तिनं तांब्या पालथा घातला.

१६ एप्रिल
लहानपणी ती गावच्या विहिरीजवळ ओंजळ धरून उभी राहायची, कुणी तरी वरून ओतेपर्यंत. विहिरीला शिवायचं नाही ना. म्हणून दारी आलेल्याच्या हातात ती तांब्याच देते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून यायची, तेव्हाही द्यायची. हे मला माहीत होतं. काल कुठं गेलं होतं, कोण जाणे.

१८ एप्रिल
दारात कुणी आलं की आत जाऊन बसते. स्वतःही पीत नाही नीट. "पी की गं." "तहान न्हाई." माफी मागायची होती. भाजी निवडत बसले.

२० एप्रिल
मायनं आण्णांना बोलावून घेतलं, गेली. जाताना "येते" म्हणाली नाही. "जाते" म्हणाली. आजवर कधी तसं...

१२ मे
हे विष्णुपुरीहून आले, धरणाच्या कामावरून. सगळं सांगितलं. म्हणाले, "आमचं धरण भरायच्या आत तरी जाऊन ये." ऑफिसात टंचाईची टपालं साचलीत, रजा नाही. खरं तर भीती वाटते. रजेचं नुसतं निमित्त.

२ जून. गाव.
भर उन्हात पोचले. माय उंबऱ्यातच होती. चपला वाजवतच गेले, मुद्दाम. भिंत धरून उठली, आत गेली, तांब्या भरून आणला, माझ्यापुढं धरला.
"घ्या बाई. उन्हातनं आलात."
आण्णा ओरडले, "अगं माय, आपली शालू हाय ती!"
"हाव," म्हणाली. "बसा."
आण्णा म्हणतात, आता तिला काहीच दिसत नाही, ऐकूही कमी येतं. असेल. मी पाणी प्यायले. आणखी घ्यायला म्हणून आपणच रांजणाकडं निघाले.
मायनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.
"तुमी बसा," म्हणाली. "मी देते."