पहिल्या पानाची बातमी

उदगीर तालुका,
१७ एप्रिल १९८३

प्रिय उमा,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. निदान तुझ्या सासूसाठी, साखराबाईसाठी वाच. तिच्या वस्तीत टँकर यायचा बंद झाला त्याला आज अकरा दिवस झाले. विहिरी फाल्गुनातच आटल्या. टँकर आपल्या दुकानासमोर थांबतो, गावाच्या घागरी भरतो आणि वेशीबाहेरच्या वस्तीकडे न वळता परततो. साखराबाई या वयात दोन कोस चालून नदीतल्या झऱ्यावर जाते आणि वाटीवाटीने हंडा भरते. गावाला त्याचं काही वाटत नाही. गेल्या वर्षी तुझ्या रामकिशनला गुरुजी गुरुजी करून अर्ज लिहून घेणारे लोक आता म्हणतात, पोरी पळवणाऱ्यांना कशाला पाणी? माणसं तीच आहेत गं, मध्ये फक्त एक बातमी आली.

लातूर जिल्हा नवा झाल्यापासून वर्तमानपत्रांचं पीक आलंय. या दुष्काळात तेवढंच एक पीक. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी एका साप्ताहिकाचा माणूस दुकानात आला. भला वाटला. त्याने विचारलं, पोरीला फूस लावली म्हणायचं का? स्वतःहून गेली म्हटलं तर गाव मला हसणार होतं; फूस लावली म्हटलं तर माझ्या पाठीशी उभं राहणार होतं. मी हाव म्हणालो. वर देवघरात खुंटीला तुझ्या इष्टलिंगाची चांदीची डबी दिसली, तीही त्याला दाखवली. शनिवारी पहिल्या पानावर ठळक छापून आलं, ‘लिंग उतरवायला लावून मुलीला पळवले.’ जन्मल्यापासून गळ्यात बांधलेलं लिंग आपल्याकडे माणसाबरोबर मातीतच जायचं. ते वाचून गरीब गाय असलेला तुझा संगप्पाकाकाही काठी शोधायला लागला.

आठवड्याने तुझ्या अव्वाने डबी पुसायला घेतली, तर रिकामी! लिंग तू कापडात बांधून गळ्यातच नेलं होतंस. माझी चांदी तेवढी ठेवून गेलीस. चाळीस वर्षं दुकानात बसलोय, पोतं उघडून बघितल्याशिवाय कधी माल घेतला नाही, आणि पोटच्या पोरीची डबी उघडून बघायचं मला सुचलं नाही.

मी लातूरला गेलो. संपादकाने चहा पाजला, आणि पुढच्या अंकात बाजारभावाच्या खाली दोन ओळी टाकल्या, ‘मुलीच्या वडिलांचा खुलासा.’ कुणी वाचल्या नाहीत. मीच दुकानात मोठ्याने वाचून दाखवल्या, तर संगप्पा म्हणाला, “दाब देऊन लिहून घेतलं हाय तुझ्याकडनं, मला कळत न्हाई का?” नव्या कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, तर साहेबाच्या टेबलावर आधीचंच कात्रण. म्हणाले, गाव तापलंय, आत्ता वस्तीत टँकर पाठवला तर भडका उडेल.

तुझा किनवटचा पत्ता साखराबाईनेच दिला. मी दारात गेलो तर तिने घोंगडं अंथरलं, तांब्या पुढे केला. मी ते पाणी प्यालो नाही. बाटेन म्हणून नाही गं, दोन कोसांवरून आणलेलं होतं म्हणून. तिला मात्र पहिलंच कारण वाटलं असणार. तरी म्हणाली, “पोरीला इकडं बोलवू नका अप्पा, लई बेकार झालंय गाव.” मला तिच्याकडे बघवलं नाही.

आता जे अव्वालासुद्धा सांगितलं नाही ते सांगतो. तुझी चिठ्ठी मला पहिल्याच सकाळी सापडली होती. ‘मी माझ्या मर्जीने जाते, त्यांना दोष देऊ नका.’ तो बातमीदार समोर बसला होता तेव्हा ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. सोबत पाठवतोय. ती संपादकाला पाठव आणि वर तुझ्या हाताने लिही की माझा बाप खोटं बोलला. वर्तमानपत्र चुकलं असं लिहू नकोस, ते बाजारभावाखाली जाईल. लेकीने बापाला खोटं पाडलं, हे ते पहिल्या पानावर छापतील. माझं नाव पुरं घाल, दुकानासकट. आणि हात जोडतो, माझ्याबद्दल एकही बरा शब्द लिहू नकोस. गाव नेमका तेवढाच धरून बसेल. परतीच्या टपालाने पाठव, साखराबाई उद्याही चालत जाणार आहे.

तुझाच, तू म्हणशील तर,
अप्पा