हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही

ता. ६ सप्टेंबर

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार. उपदेश त्यानंतर.

सोबतच्या खोक्यात टॅब पाठवते आहे. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा जुना आहे, कोपऱ्यात काच तडकली आहे, पण चित्र स्वच्छ दिसतं. केबल बंद केल्याचं तुम्ही माझ्यापासून लपवलंत, धाकट्याकडून कळलं. सलूनवाल्यानेही केबल काढून टाकली म्हणे, म्हणजे त्याच्या दारात उभं राहून सामना बघायची सोयही गेली. मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्या पायऱ्या तुमचा खुबा चढू देणार नाही. रेडिओ तर बोलायलाच नको. तीस वर्षं कारखान्याने तुमच्याकडून लोखंडी पिंपं ठोकून घेतली आणि शेवटी कानही ठेवून घेतले. मग तुमचा धाकटा पहिल्यांदा मोठ्या टीमच्या गोलात उभा राहणार, तो तुम्ही बघायचा कसा?

म्हणून हे. यात सामने दाखवणारं एक अॅप आहे. केबल लागत नाही. वर्गणी मी भरली आहे, त्यावर वाद नको. हिरव्या चौकोनावर बोट टेकवायचं. नुसतं टेकवायचं, ठोकायचं नाही, ते पिंप नव्हे. अडलंच तर समोरच्या शिंपीणकाकूंना बोलवा.

जेवण वेळेवर घ्या. माझ्यावर रागवा, पण जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची मास्तरीण

ता. १५ सप्टेंबर

चि. मास्तरणीस,
पोटभर आशीर्वाद.

टॅब पोचला. शिंपीण लावून देऊन गेली. रविवारी चष्मा पुसून, खुर्ची ओढून बसलो. हिरव्या चौकोनावर बोट टेकवलं, अगदी तू सांगितलंस तसं. काळा पडदा आला आणि त्यावर अक्षरं, की हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही. शिंपिणीने तीनदा बंद करून लावला. बाकी सगळ्या टीमा दिसतात. समुद्रापलीकडच्या दिसतात. एका टीमचा गोलकीपर तर मला माझ्याच वयाचा वाटला, तोही दिसला. फक्त आपली टीम दिसत नाही. सलूनवाल्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मला लिहून दाखवलं की आपण मैदानाच्या फार जवळ राहतो, हाच आपला गुन्हा.

तुझी आई असती तर तिने कंपनीच्या माणसाला घरी बोलावून, चहा पाजून, पार ओशाळवून सोडलं असतं. तू शिकलेली आहेस, कारण कळलं तर लिही. मी आपला काळ्या पडद्यासमोर नव्वद मिनिटं बसून राहिलो. मध्येच लागेल असं वाटत होतं.

अशीच लिहीत जा, मी वाट बघत असतो.

तुझे बाबा

ता. २२ सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. की तुमच्या मुलीने काल कंपनीशी भांडण उकरून काढलं आहे.

कारण कळलं. आपल्या गावापुरते सामने दाखवायचा हक्क त्यांनी केबलवाल्यांना विकला आहे. म्हणून जगाला दिसणारी आपली टीम आपल्याच गल्लीत दिसत नाही. मैत्रीण म्हणाली, यावर सोपा उपाय आहे, आपण दुसऱ्याच गावात आहोत असं टॅबला भासवायचं. सगळे करतात म्हणे. मला ते पटलं नाही, बाबा. आपण आपल्या घरात बसून, आपण तिथे नाही असं कशासाठी सांगायचं? मी इथे दिवसभर पाण्याचे नमुने तपासते. जो आकडा येतो तोच लिहायचा, हेच काम. तेव्हा सरळ मार्गाने जाऊ. अर्ज लिहिला आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन मला पाठवा.

तोवर एक करते. माझ्या गावात सामना दिसतो. मी बघेन आणि तुम्हाला लिहीन.

परवाचा बघितला. धाकटा पूर्ण वेळ खेळला. तुम्ही हातोडा उचलण्याआधी तळहातांवर थुंकायचात ना, तसा तो आधी हातमोज्यांवर थुंकला. शेवटच्या दहा मिनिटांत उजवीकडून चेंडू आला, पुढे इतकी गर्दी की त्याला दिसलाच नसेल. तो डावीकडे आडवा झाला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू खांबाबाहेर ढकलला. उठून स्वतःच्याच माणसांना काहीतरी सणसणीत बोलला. ते मी लिहीत नाही. एक-शून्यने जिंकलो.

तुमच्या मायेत वाटेकरी धाकटा असला तरी मोठा वाटा माझा.

तुमची मास्तरीण

ता. ३० सप्टेंबर

चि. मास्तरणीस,
आशीर्वाद, आणि त्यावर पुन्हा आशीर्वाद.

तुझं पत्र सलूनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. मला माझा आवाज ऐकू येत नाही, पण बहुतेक फारच मोठा लागला असावा, शिंपीही मशीन सोडून आला. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली. थुंकण्याचं वाचल्यावर सलूनवाल्याने मला पाठीत गुद्दा घातला. त्या दिवशी जेवताना दोनदा वाढून घेतलं. तुझी आई गेल्यापासून असं झालं नव्हतं.

पेपरात निकालाची एक ओळ येते, त्यात माणसं नसतात. तू लिहिलंस की दिसतं. आता दर सामन्याचं लिही, गाळू नकोस. मीही धाकट्याला क्लबच्या वसतिगृहावर पत्र टाकलं, शाबास म्हणून. एक्क्याण्णव सह्या सोबत आहेत. ब्याण्णवावा अंगठा सलूनवाल्याच्या आईचा.

बापाला विसरू नये, एवढंच.

तुझे बाबा

ता. १७ ऑक्टोबर

चि. खांब यास,
आशीर्वाद, आणि फोन उचलत नाहीस म्हणून एक धपाटा.

गेले तीन सामने मी बघितले. तू तिन्हींत बाकावर होतास. पिवळं जाकीट घालून, बाटल्या सांभाळत. गोलात तो नवा मुलगा होता. होतं असं, मोसम मोठा आहे, तुझी पाळी येईल.

पण मी एक केलं आहे, ते तुला माहीत असायला हवं. बाबांना मी लिहिलं की तूच खेळलास. पहिल्या पत्राने ते इतके फुलले की पुढच्या वेळी कागदावर पेन टेकवलं आणि खरं लिहवेना. निकाल खरा लिहिते, कारण तो पेपरात येतो. नव्या मुलाने अडवलेले चेंडू तुझ्या नावावर लिहिते. तू परत गोलात उभा राहिलास की खोटं आपोआप मिटेल. तोवर घरी गेलास तर सांभाळून घे.

रागावलास तरी उत्तर लिही.

तुझी ताई

ता. २९ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. हात बधिर आहेत, अक्षर लावून घे.

मी परत गोलात उभा राहणार नाही. क्लबने मला महिन्याच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, पंधरवडा बाकावर बस आणि मग सामान उचल. कोच म्हणाला, उंची आहे, नजर आहे, पण चुकल्यावर सावरायला तुला वेळ लागतो. ते खरं आहे. आता दुसऱ्या गावी फळांच्या शीतगृहात आहे. पेट्या उचलतो, रचतो. वरची रांग मला शिडीशिवाय पुरते म्हणून मुकादम खूश आहे.

बाबांची पत्रं क्लबच्या ऑफिसातून इथे येतात. शाबास वाघा, असं सुरू होतं. मी न अडवलेल्या चेंडूंबद्दल शाबासकी. जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि मला वाटतं, हा जो कोणी वाघ आहे, त्याचा बाप किती चांगला आहे.

ताई, मशीनला खोटा पत्ता द्यायला तुझं मन घेईना, हे बाबांनी कौतुकाने मला लिहिलं होतं. मग हे कसं घेतलं? तू त्यांना खरं सांग. मी सांगायला बसलो की हात चालत नाही. तू शिकलेली, तुला नीट मांडता येईल. त्यांना सांग की मला काढलं. आणि त्यांनी मला एकदा, मला, पत्र लिहावं.

तुझा भाऊ

ता. १० जानेवारी

चि. मास्तरणीस,
आज आशीर्वाद उभं राहून देतो आहे. खुबा गेला खड्ड्यात.

जिंकलीस! कंपनीचं उत्तर शिंपिणीने माझ्या हातात आणून ठेवलं. येत्या अठरा तारखेपासून आपली टीम आपल्या गावात दिसणार. अर्जदार म्हणून तुझं नाव छापलं आहे. घरातली पहिली पदवी, आणि तिचा असा उपयोग! मी ते पत्र काचेत बसवायला दिलं.

तुझी सामन्यांची नऊ पत्रं टॅबशेजारी ठेवली आहेत. पेनल्टीचं पत्र तर गल्लीत फिरून फिरून घडीवर फाटलं. धाकट्याला सुट्टी नसते हे समजतं, सामने आधी. पण आता बोलावायचंच कशाला, तो स्वतःच घरात येईल. रविवारी सगळ्यांना बोलावलं आहे. शिंप्याच्या घरून दोन बाकं येतील. सलूनवाला दुकान बंद ठेवणार. नवे कपडे नाहीत, पण इस्त्री केलेला सदरा घालणार.

तूही तिकडून त्याच वेळी बघ. म्हणजे तिघं एकत्र असल्यासारखे होऊ.

तुझे बाबा

ता. १४ जानेवारी

ती. बाबांना,
नमस्कार करते, तो घ्यायचा की नाही ते पत्र वाचून ठरवा.

धाकटा टीममध्ये नाही. ऑक्टोबरपासून नाही. पहिला सामना तो खेळला, ते पत्र खरं आहे. पुढची आठ मी रचली. पेनल्टी दुसऱ्या मुलाने अडवली होती. धाकटा फळांच्या शीतगृहात पेट्या उचलतो. त्याने मला ऑक्टोबरातच लिहिलं होतं की बाबांना खरं सांग. मी दर वेळी ठरवलं आणि दर वेळी सामना लिहिला. डिसेंबरापासून तो मला उत्तर देत नाही.

रविवारच्या आत हे तुमच्या हाती पडावं म्हणून आजच टाकते आहे. टॅबवर निरोप पाठवला तर तो आधी शिंपीणकाकू वाचतील. सलूनवाल्याला फोन केला तर तुम्हाला ऐकू जावं म्हणून त्याला ओरडून सांगावं लागेल. असं सगळं मी स्वतःला समजावते आहे. खरं म्हणजे मी गाडीत बसून यायला हवं. रजा शिल्लक आहे. धीर नाही.

बाबा, तुम्ही जेवत होतात. म्हणून लिहीत गेले.

मास्तरीण

ता. ३१ जानेवारी

चि. मुलीस,

तुझं पत्र सोमवारी आलं.

रविवारी अकरा माणसं होती. सुरुवातीला गोलकीपर लांब दिसत होता. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, आता हातमोज्यांवर थुंकेल. तो थुंकला नाही. मग त्याचा चेहरा जवळून दाखवला. मी म्हणालो, जुना सामना लागला आहे. शिंपिणीने तारखेवर बोट ठेवून दाखवलं, त्याच दिवसाची होती. मी टॅबवर बोट आपटलं, दोनदा, तीनदा. सलूनवाल्याने माझा हात धरला. तुझ्या पत्रांवर त्या सगळ्यांचाही माझ्याइतकाच भरवसा होता. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकेक जण खांद्यावर हात ठेवून गेला. बाकं दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच होती.

मी जेवत होतो म्हणून तू लिहीत गेलीस. ते मला समजतं. बाप आहे, एवढं समजतं. पण तुला एक समजलं नाही. त्याला काढलं, त्या आठवड्यात मी त्याला लिहिलं, शाबास वाघा. तो थंडीत पेट्या उचलत होता तेव्हा मी लिहिलं, अशीच छाती काढून उभा राहा. नऊ पत्रं तुझी, नऊ माझी. कारखान्यातून मला काढलं तेव्हा तुझ्या आजोबांनी मला एक शब्द न बोलता रात्रभर शेजारी बसवून घेतलं होतं. हरलेल्या पोराचं काय करायचं ते मला येत होतं गं. चार महिने ते करायचा माझा दिवस होता आणि तो तू मला दाखवलाच नाहीस.

मंगळवारी मी शीतगृहाच्या पत्त्यावर त्याला पत्र टाकलं. पत्ता क्लबच्या ऑफिसातून शिंप्याने आणला. चार पानं लिहिली, टीमचं एक अक्षर नाही. आज ते परत आलं. पाकिटावर शेरा आहे की हा कामगार डिसेंबरात काम सोडून गेला, कुठे ते माहीत नाही. पाकीट न फोडताच आलं आहे.

तो कुठे आहे हे तुला माहीत असेल तर फक्त पत्ता लिही. बाकी काही लिहू नकोस. पोस्टकार्ड पुरेल.

बाबा

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
नमस्कार.

मला पत्ता माहीत नाही. हे खरं आहे.

मी शनिवारच्या गाडीने येते.